तासाचा दर आणि हातात येणारा पगार

डॉर्टमुंड,
25 जानेवारी 2026

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार.

तुझा प्रश्न रास्त आहे. जर्मनीचं किमान वेतन तासाला 13.90 युरो, म्हणजे आपले चौदाशेच्या वर रुपये. एवढं मिळत असताना तिथला कामगार गरीब कसा, हे मार्केट यार्डातल्या हमालांना तू कोणत्या तोंडाने सांगणार? तुमच्या अभ्यासवर्गासाठी म्हणून सविस्तर लिहिते. आकडे जर्मनीचे घेते, कारण सगळ्या यूरोपचं एकदम सांगायला गेलं की हाती काहीच लागत नाही.

आधी दराचं. जर्मनीत 2015 पर्यंत सरसकट कायदेशीर किमान वेतन नव्हतंच. 1 जानेवारी 2015 ला ते 8.50 युरोवर सुरू झालं. ऑक्टोबर 2022 मध्ये संसदेने स्वतः कायदा करून ते 12 वर नेलं. एरवी दर ठरवतो तो आयोग: मालकांचे तीन, संघटनांचे तीन, एक अध्यक्ष आणि मत नसलेले दोन अभ्यासक. 2023 मध्ये अध्यक्षांनी मालकांच्या बाजूने मत टाकलं आणि महागाई भडकलेली असताना 41 सेंटची वाढ संघटनांच्या विरोधात मंजूर झाली. पुढच्या खेपेला एकमत झालं. या 1 जानेवारीपासून 13.90 आणि 2027 पासून 14.60 हे त्यातून आलं.

आता हिशेब मांड. आठवड्याला 40 तास धरले तर महिन्याचे 173 तास आणि ढोबळ पगार 2,409 युरो. त्यातून निवृत्तिवेतनाला 9.3 टक्के, बेकारी विम्याला 1.3, आरोग्य विम्याला 7.3 आणि वर विमा कंपनीचा अधिभार, शिवाय शुश्रूषा विमा आणि आयकर. एकट्या माणसाच्या हातात 1,700 च्या थोडे वर उरतात. इथली दारिद्र्यरेषा म्हणजे मध्यम उत्पन्नाच्या (निम्म्या लोकांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळतं त्या आकड्याच्या) 60 टक्के. एकट्याला ती साधारण 1,450 पडते. म्हणजे पूर्णवेळ काम करणारा एकटा माणूस रेषेच्या वर आहे. तुझे हमाल इथपर्यंत बरोबर आहेत.

पण रेषा माणसावर नाही, घरावर मोजतात. घरातल्या प्रत्येकाला एक गुणक देतात: पहिला मोठा माणूस 1, त्यापुढचा प्रत्येक मोठा 0.5, चौदा वर्षांखालचं मूल 0.3. नवरा, बायको आणि दोन लहान मुलं म्हणजे एकट्याच्या 2.1 पट, म्हणून त्या घराची रेषा तीन हजारांच्या वर जाते. एकच कमावता, तोही किमान वेतनावर, तर आयकर जवळपास शून्य होऊन हातात 1,900 येतात. त्यात दर मुलामागे 259 युरो बालभत्ता धर. तरी 2,400 च्या आसपासच. सहाशे युरो कमी! पूर्णवेळ, नियमाने, विम्यासकट काम करून.

ही तूट भरायला दोन योजना आहेत: कमी पगारवाल्यांच्या मुलांसाठी दरमहा प्रत्येकी 297 युरोंपर्यंतचा पूरक भत्ता आणि घरभाड्याची मदत. दोन्ही मिळाल्या तर घर रेषेला जाऊन टेकतं. मात्र पूरक भत्ता सहा महिन्यांसाठीच मंजूर होतो, भाड्याची मदत सहसा बारा महिन्यांसाठी, आणि दोन्हींची कार्यालयं वेगळी. प्रत्येक वेळी पगारपत्रकं, भाडेकरार आणि हीटिंगचं बिल नव्याने द्यायचं. तास कमीजास्त होणाऱ्या माणसाला हेच जमत नाही. हक्क असलेल्यांतला मोठा भाग अर्जच करत नाही, आणि योजना मात्र कागदावर उत्तम दिसते. हे तुला नवं नाही.

आता तासांकडे ये, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी गळती इथे आहे. जर्मनीत 'मिनीजॉब' नावाचा प्रकार आहे. महिन्याला 603 युरोंपर्यंतची कमाई कामगाराला करमुक्त आणि जवळपास विमामुक्त. मर्यादा किमान वेतनाला बांधलेली आहे: दर गुणिले 130, भागिले 3. म्हणजे आठवड्याला जेमतेम दहा तास. दर वाढला की मर्यादा वाढते, तास तेवढेच राहतात. या नोकऱ्यांत लग्न झालेल्या बायका खूप, कारण पतीच्या आरोग्य विम्यात त्या फुकट बसतात आणि नवराबायकोची करआकारणी एकत्र होते. बाईने तास वाढवले की तिच्या पगारावर जड कर बसतो आणि तो विमाही तिला स्वतःचा घ्यावा लागतो. मग ती दहा तासांवरच थांबते. निवृत्तिवेतनासाठी तिच्या वाट्याचे 3.6 टक्के भरायचे असतात, पण अर्ज करून सूट घेता येते आणि बहुतेकजणी घेतात. म्हातारपणाची गरिबी तिथेच ठरून जाते. बेकारी विमा तर नसतोच. कोविडमध्ये हॉटेलं बंद झाली तेव्हा विमा असलेल्या नोकरांना बेकारी विम्यातून घटलेल्या तासांचा भत्ता मिळाला, मिनीजॉबवाल्यांना काही नाही. भरपगारी रजा आणि आजारपणाचा पगार यांचा हक्क त्यांना कायद्याने आहे. तो मागितला की पुढच्या आठवड्याच्या वेळापत्रकात नाव येत नाही.

ज्यांची कमाई जगायला पुरत नाही त्यांना सरकारी निर्वाह भत्त्याची जोड मिळते. नोकरी असून हा भत्ता घेणारे सुमारे 8 लाख लोक आहेत. त्यांतल्या मूल नसलेल्यांच्या कमाईचा हिशेब असा: पहिले 100 युरो पूर्ण त्यांचे. 100 ते 520 मधले 20 टक्के, 520 ते 1,000 मधले 30 टक्के, त्यापुढे 1,200 पर्यंत 10 टक्के. बाकी सगळं भत्त्यातून वजा. 1,200 कमावले तर प्रत्यक्षात खिशात जादा पडतात 348. लोक आळशी आहेत म्हणून तास वाढवत नाहीत, असं बोलणाऱ्याला हा हिशेब एकदा बसून करायला लावावा.

दुसरी गळती हजेरीची. करारात तासाचा दर असतो, पण काम उक्त्यावर मोजलं जातं. सफाई क्षेत्राचा सगळ्यात खालचा दर यंदा 15 युरो आहे, किमान वेतनापेक्षा जास्त. तरी हॉटेलच्या खोल्या साफ करणाऱ्या बाईला 'तासाला इतक्या खोल्या' असा कोटा देतात. कोटा आठ तासांत उरकत नाही, दहा लागतात. पत्रकावर मात्र आठच चढतात, आणि 15 चे 12 होतात. कत्तलखान्यात कपडे बदलण्याचा आणि सुऱ्यांना धार लावण्याचा वेळ धरत नाहीत. घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्यांचा एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ कापतात. म्हाताऱ्या माणसाच्या घरीच राहून चोवीस तास सेवा करणाऱ्या एका बल्गेरियन बाईच्या खटल्यात सर्वोच्च कामगार न्यायालयाने जून 2021 मध्ये निकाल दिला: नुसतं हाकेला हजर राहण्याच्या तासांनाही किमान वेतन द्यावं लागेल. निकाल फार चांगला. पण असा खटला किती बायका चालवतील?

तपासणी कोण करतं ऐकून तुला गंमत वाटेल: सीमाशुल्क खातं. बांधकाम, सफाई, हॉटेल, वाहतूक, मांस उद्योग अशा ठरलेल्या क्षेत्रांत आणि बहुतेक मिनीजॉबमध्ये मालकाने कामाची सुरुवात, शेवट आणि एकूण वेळ सात दिवसांच्या आत नोंदवायची आणि दोन वर्षं जपायची. किमान वेतन बुडवल्यास दंड 5 लाख युरोंपर्यंत. हा दंड सरकारजमा होतो. कामगाराची बुडालेली मजुरी खातं वसूल करून देत नाही, त्यासाठी कामगाराने स्वतः कामगार न्यायालयात जायचं. आपल्याकडे 1948 च्या किमान वेतन कायद्यात कलम 20 खाली अधिकारी फरक द्यायला लावू शकत होता, वर दहापटीपर्यंत भरपाईही. अंमलबजावणीचं काय होतं ते तू माझ्याहून जास्त जाणतेस, पण कायद्याची ती रचना जर्मनीपेक्षा शहाणी होती, हे तुमच्या वर्गात जरूर सांग.

इथल्या संघटना कामगाराला काय करायला सांगतात? रोजची वही स्वतःच्या हाताने लिहायची: तारीख, सुरुवात, शेवट, सुट्टी, ठिकाण, काम कोणी सांगितलं. वेळापत्रकाचा मोबाइलवर फोटो काढायचा. 'खूप ओव्हरटाइम केला' हे न्यायालयात टिकत नाही, तारीखवार तास टिकतात. मग रक्कम आणि मुदत घालून लेखी मागणी करायची. करारात अनेकदा 'तीन महिन्यांत मागितलं नाही तर हक्क गेला' असं कलम असतं. किमान वेतनाइतक्या रकमेला ते लागू होत नाही. तिला वर्षअखेरीपासून तीन वर्षं आहेत. त्यावरच्या रकमेला मात्र लागू होऊ शकतं, आणि इथेच लोक फसतात. कामावरून काढलं तर दावा तीन आठवड्यांत. ही मुदत हुकली की बेकायदा बडतर्फीही कायम होते. पहिल्या न्यायालयात वकील सक्तीचा नाही, न्यायालयातला कारकून दावा लिहून घेतो. हरलं तरी मालकाच्या वकिलाची फी अंगावर येत नाही, जिंकलं तर आपल्या वकिलाची परत मिळत नाही. पूर्व यूरोपातून आलेल्यांना त्यांच्या भाषेत हे सगळं समजावणारी 'फेअर मोबिलिटेट' ही सल्लाकेंद्रं कामगार महासंघाने 2011 पासून चालवली आहेत. ती नसती तर वरच्या नियमांचा कुणालाच पत्ता नसता.

ठेकेदारीची साखळी हा तुझ्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून मांस उद्योगाचं सांगते. तिथे कापण्याचं मुख्य कामच पोटठेकेदारांकडे होतं. कामगार रोमानियाचे, बल्गेरियाचे. खोलीत दाटीने पलंग, आणि पलंगाचं भाडं पगारातून कापलेलं. जून 2020 मध्ये रेडा-वीडेनब्रुकच्या कारखान्यात हजारावर कामगारांना कोविड झाला आणि जे कित्येक वर्षं अशक्य म्हणून सांगितलं जात होतं ते सहा महिन्यांत झालं. 1 जानेवारी 2021 पासून कत्तल आणि मांस कापणीत ठेकेदारीवर बंदी, 1 एप्रिलपासून भाडोत्री कामगारांवरही. कामगार थेट कारखान्याच्या पटावर आले. त्यानंतर अन्न कामगारांच्या संघटनेला उद्योगभर किमान दराचा नवा करार करता आला, कारण बोलणी कोणाशी करायची हे आता स्पष्ट होतं. माझ्या मते दर वाढवण्यापेक्षा हा एक कायदा जास्त कामाचा ठरला.

इतर क्षेत्रांत साखळी शाबूत आहे. तिथे वरचा ठेकेदार खालच्याच्या किमान वेतनाला जबाबदार धरला जातो, पण फक्त निव्वळ किमान वेतनापुरता. त्यावरचा पगार बुडला तर बुडला. मालवाहतुकीत तेही पुरत नाही. 2023 मध्ये डार्मश्टाटजवळच्या ग्रेफेनहाउझेन या महामार्ग-थांब्यावर जॉर्जिया, उझबेकिस्तानच्या चालकांनी ट्रक उभे केले, आठवडेच्या आठवडे. मालक पोलंडचा, ट्रकमधला माल मोठ्या कंपन्यांचा, चालक कागदोपत्री स्वतंत्र धंदेवाले. माल अडला म्हणून वसंतातल्या त्या पहिल्या संपात थकलेले तीन लाखांच्या घरातले युरो मिळाले. निरीक्षकामुळे नव्हे.

आणि आता जे वाचून तुला घरचं वाटेल ते. बांधकाम मजूर वर्षात चार मालकांकडे राबतो, मग रजा कोणाकडे साठणार? म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर संघटना आणि मालकांनी मिळून एक निधी काढला, आज त्याला 'सोका-बाऊ' म्हणतात. मालक ढोबळ मजुरीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास रक्कम निधीत भरतो. मजूर कुठेही जावो, वर्षाची 30 दिवसांची रजा त्याच्या खात्यावर चढत राहते. करार सरकारने सगळ्या क्षेत्राला लागू केलेला, त्यामुळे संघटनेत नसलेल्या मालकालाही भरावं लागतं. हे 1969 च्या माथाडी कायद्याचं भावंडच म्हणायचं. मालक मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक टक्के लेव्ही माथाडी मंडळात भरतो, मंडळ हमालाला देतं. फरक एवढाच, की सोका-बाऊ थकबाकीसाठी मालकांवर सतत दावे लावते. निधी त्यामुळे जिवंत आहे.

सामूहिक करारांचं, म्हणजे संघटना आणि मालक मिळून करतात त्या वेतनकरारांचं, थोडक्यात. जर्मनीत आज निम्म्याच कामगारांना करार लागू आहे. तो क्षेत्रभर लागू करायचा तर मालक आणि संघटना यांच्या समसमान समितीत बहुमत लागतं, म्हणजे मालकांना नकाराधिकारच. शेजारच्या ऑस्ट्रियात कायदेशीर किमान वेतन नाही, तरी जवळपास सगळे कामगार करारात आहेत. कारण तिथे प्रत्येक धंद्याला चेंबरचं, म्हणजे मालकांच्या मंडळाचं, सदस्यत्व सक्तीचं आहे आणि करार चेंबर करतं. मालकाला बाहेर पडायला दारच नाही. यूरोपीय संघाने 2022 च्या निर्देशात हेच ओळखलं: किमान वेतन मध्यम पगाराच्या 60 टक्क्यांशी ताडून बघा, आणि करार 80 टक्क्यांहून कमी कामगारांना लागू असतील तर कृती आराखडा करा. डेन्मार्कने, ज्याचा सगळा भर करारांवर, वेतन हा आमचा प्रश्न म्हणून आव्हान दिलं. यूरोपीय न्यायालयाने 11 नोव्हेंबर 2025 ला दर ठरवण्याचे सक्तीचे निकष रद्द केले, बाकी निर्देश राखला. आराखड्याची अट उरली. पण तिला दात नाहीत, 80 गाठलेच पाहिजेत असं ती म्हणत नाही.

आता तुझ्याकडून मला हवंय ते. माथाडी मंडळं सध्या लेव्ही किती टक्के घेतात, धंद्याधंद्याप्रमाणे ती कशी बदलते, आणि मालकाने थकवली तर वसुली नेमकी कोणत्या नोटिशीने सुरू होते? इथल्या सामान पोचवणाऱ्या मुलांमध्ये, ज्यांत आपल्याकडचे विद्यार्थीही पुष्कळ आहेत, अशाच निधीची चर्चा चालू आहे. या परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवस कामाची मर्यादा असल्याने ते मालक बदलत राहतात आणि रजा प्रत्येक ठिकाणी बुडते. मंडळाच्या नोंदणी अर्जाचा आणि हमालाच्या पासबुकाच्या एका कोऱ्या पानाचा फोटो पाठवलास तर फार बरं होईल. मराठीतच पाठव, भाषांतर मी करून घेईन.

तुझी,
नंदा