क्रम बदलला, अंतर तेच राहिले

तीर्थरूप बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

विनंती विशेष. आमच्या विमानतळावर उतरताना दोन विमाने नको तितकी जवळ आल्याच्या बातमीचे तुम्ही पाठवलेले कात्रण मिळाले. त्याखाली तुम्ही एकच प्रश्न विचारला आहे की, ज्याने ही चूक केली त्याला नोकरीवरून काढले की नाही. फोनवर दोन वाक्यांत याचे उत्तर देणे मला योग्य वाटले नाही, आणि आता धाकटाही माझ्यासारखा कंट्रोलर, म्हणजे विमानांची वाहतूक सांभाळणारा नियंत्रक, होण्याच्या प्रशिक्षणासाठी प्रयागराजला निघाला आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आपल्या नागपूरवरून रात्रंदिवस जी विमाने उंचावरून जातात, त्यांचे मार्ग एकमेकांना छेदत असले तरी एकाला दुसऱ्यापेक्षा हजार फूट वर ठेवले की काम भागते. धावपट्टीकडे येणाऱ्या विमानांना ही सोय शेवटपर्यंत मिळत नाही, कारण त्यांना अखेरीस एकाच रेषेत, एकाच उताराने खाली आणावे लागते, आणि मग सगळी सुरक्षितता दोन विमानांमधल्या अंतरावर येऊन ठरते.

त्या संध्याकाळी माझा सहकारी, अनुभवी आणि शांत डोक्याचा माणूस, दोन दिशांनी येणाऱ्या विमानांची एका धावपट्टीसाठी रांग लावत होता. आधी ठरलेल्या क्रमात वजनाने मध्यम गटातली दोन विमाने एकामागे एक होती आणि त्यांच्यामागे बोइंग ७७७ हे अवजड विमान होते. मध्यम विमानामागे मध्यम विमान असेल तर तीन सागरी मैल पुरतात. बोइंगला उंचीवर वाऱ्याची साथ मिळाल्याने ते अपेक्षेपेक्षा लवकर आले, तेव्हा त्याने ते दोन मध्यम विमानांच्या मधे घेतले. हा निर्णय योग्यच होता. मात्र अवजड विमानामागे मध्यम विमान आणायचे तर पाच मैल लागतात, आणि मागच्या मध्यम विमानाला, म्हणजे एअरबसला, त्याने जे वळण दिले ते जुन्याच क्रमाच्या हिशेबाने दिले.

हे पाच मैल कशासाठी, हे बातमीत कुठेही नव्हते. अवजड विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन भोवरे निघतात, ते एकमेकांच्या उलट फिरत हळूहळू खाली उतरतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. मागचे लहान विमान त्यांत सापडले तर एका अंगावर कलंडू शकते, आणि जमिनीजवळ सावरायला उंची शिल्लक नसते. वारा पडलेला असेल तर हे भोवरे अधिक वेळ टिकतात, आणि त्या संध्याकाळी जमिनीलगत वारा जवळजवळ नव्हताच. त्यातही अंतर स्थिर राहत नाही, कारण पुढचे विमान उतरण्यासाठी वेग कमी करते तेव्हा मागचे अजून वेगात असते. दोघांत ४० नॉटचा, म्हणजे ताशी ४० सागरी मैलांचा, फरक तीन मिनिटे राहिला तरी दोन मैल निघून जातात.

तुम्ही उभी हयात रेल्वेत काढलीत. पुढे लाइन मोकळी नसेल तर गाडी आउटरला उभी करता येते, विमान उभे करता येत नाही. त्याला वेग कमी करायला सांगणे, वळवून रांगेबाहेर काढणे किंवा उतरणे रद्द करून पुन्हा वर चढायला लावणे, म्हणजे गो-अराउंड देणे, एवढेच उपाय हाती असतात. माझ्या सहकाऱ्याने आधी वेग कमी करून पाहिले. माझ्या मते क्रम बदलताना अंतराचा विसर पडणे ही लहान चूक होती, आणि तीच रांग वाचवण्यात घालवलेला तो वेळ ही मोठी चूक होती. आपण स्वतः लावलेली रांग मोडणे कोणत्याही कंट्रोलरला जिवावर येते, आणि नेमके तेच वेळेवर करायला शिकणे या कामात सर्वांत कठीण असते. अंतर चार मैलांच्या खाली गेले तेव्हा टॉवरमधून विचारणा झाली आणि एअरबसला गो-अराउंड दिला गेला. ते वर चढले, फेरी मारून पुन्हा रांगेत आले आणि व्यवस्थित उतरले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. त्याला काढलेले नाही. त्याला तात्पुरते ड्युटीवरून बाजूला केले आहे, रेकॉर्डिंग तपासले गेले आहे, आणि प्रशिक्षकासोबत काही काळ काम केल्यावर तो परत रडारच्या पडद्यासमोर बसेल. घटनेचा अहवाल कोणी मागण्याआधी त्याने स्वतःच लिहून दिला होता. अशा माणसाला घरी बसवले तर पुढच्या वेळी चार मैलांवर निभावून गेलेली चूक कोणीही कागदावर आणणार नाही, आणि त्या वेळी दोन सेक्टर, म्हणजे आकाशाचे दोन भाग, एकत्र करून एकाच माणसाकडे दिले होते, ही गोष्टही कोणाला कळणार नाही.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगन गावावर दोन विमानांची टक्कर होऊन ७१ माणसे गेली, त्यांत बहुसंख्य रशियातली मुले होती. स्वित्झर्लंडमधल्या नियंत्रण केंद्रात तेव्हा एकच कंट्रोलर दोन जागा सांभाळत होता, दुसरा विश्रांतीला गेला होता, मुख्य टेलिफोन व्यवस्था दुरुस्तीसाठी बंद होती, आणि त्याचे लक्ष उशिरा येणाऱ्या एका विमानाला फ्रीडरिक्सहाफेनला उतरवण्यात अडकले होते. २००४ मध्ये मुले आणि पत्नी गमावलेल्या एका बापाने त्या कंट्रोलरचा खून केला. त्या बापाचे दुःख मला समजते, पण एका माणसाला रात्री एकटे बसवण्याची पद्धत त्या खुनाने बदलणार नव्हती. २००७ मध्ये तिथल्या न्यायालयाने व्यवस्थापकांनाही दोषी धरले, ते मला अधिक न्याय्य वाटते.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०१५ पासून प्रत्येक जोडीला लागणारे अंतर पडद्यावर खुणेने दिसते. क्रम बदलला की खूणही बदलते. तशी सोय आमच्याकडे व्हावी, असे आम्ही काही जणांनी लेखी मागितले आहे. शिवाय माझा सहकारी परत येईल तेव्हा त्याच्या शेजारच्या जागेवर माझी पाळी लावावी, अशीही विनंती मी केली आहे.

धाकट्याला हे पत्र जरूर वाचायला द्यावे, आणि ते कात्रणही सोबत द्यावे. तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. अजनीच्या काकांना व काकूंना नमस्कार सांगावा. कळावे, लोभ असावा.

आपली आज्ञाधारक कन्या