प्यास्तच्या घरचे जावळ का वगळले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील पोलंडच्या दंतकथांवरील लेख वाचून मन अस्वस्थ झाले. बुरुजात आश्रय घेतलेल्या राजा पोपियेलला उंदरांनी खाल्ले, एवढ्यावर लेख आटोपतो आणि शेजारी क्रुश्वित्साच्या बुरुजाचे छायाचित्र 'हाच तो बुरूज' म्हणून छापले जाते. गोप्लो सरोवराकाठचा तो ३२ मीटर उंचीचा, अष्टकोनी, विटांचा बुरूज चौदाव्या शतकात राजा काझिमिरने बांधलेल्या किल्ल्याचा आहे. पोपियेलला हटवून जे प्यास्त घराणे गादीवर आले, त्याचाच काझिमिर हा पोलंडवर राज्य करणारा शेवटचा राजा. बाराव्या शतकाच्या आरंभी ही कथा प्रथम लिहून ठेवणाऱ्या गॅलस या इतिवृत्तकाराने पोपियेलचा अंत एका बेटावरील लाकडी बुरुजात झाल्याचे म्हटले आहे. पोपियेलने काकांना विष घातल्याचा जो प्रसंग लेखात रंगवला आहे, तो तर गॅलसच्या कथेत नाहीच.

याहून मोठी खंत वेगळी आहे. गॅलसच्या कथेत ग्न्येझ्नोच्या राजाने, म्हणजे याच पोपियेलने, आपल्या मुलांच्या मेजवानीतून दोन परक्या पाहुण्यांना हाकलून दिले, ते नगराबाहेर प्यास्त नावाच्या गरीब नांगरकऱ्याच्या झोपडीत आले, आणि त्याने व त्याच्या बायकोने मुलाचे केस कापण्याच्या विधीसाठी राखून ठेवलेली थोडीशी बीअर व एक डुकराचे पिल्लू त्यांच्यापुढे ठेवले. ती बीअर सरेना, भांडी अपुरी पडली, शेवटी खुद्द राजालाही जेवायला बोलावण्यात आले. त्या दिवशी केस कापून ज्याचे नाव ठेवले, तो सेमोवित पुढे राजा झाला. लेखात यातील एक ओळ नाही.

तीन वर्षांपूर्वी मी मुलीकडे पोझ्नानला होतो. नातवाचे जावळ आम्ही तिथेच काढले. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटलेल्या शेजारच्या आजींनी त्याच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि हसून 'सेमोवित' म्हटले. मला अर्थ कळेना, तेव्हा मुलीने ही सगळी गोष्ट तिथेच उभ्या उभ्या सांगितली. आमच्याकडच्या वाचकाला ज्या प्रसंगात आपले घर दिसले असते, नेमका तोच आपण गाळलात, याचे मला फार वाईट वाटते. आम्हा कोल्हापूरकरांना तर ते अधिकच लागते, कारण इथल्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहून गेले.

आणखी एक विनंती. 'पायास्ट', 'क्रुझविका' अशी नावे इंग्रजी स्पेलिंगवरून छापू नयेत. पोलिश उच्चार देवनागरीत सहज लिहिता येतात. बुरुजाविषयीची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच छायाचित्रासह द्यावी.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर