मालकी परतली, पण कोणाकोणाची?

महोदय,
बाहुल्या मूळ कुटुंबाकडे परतल्या की चाहते जल्लोष करतात. पण करारात नेमके काय आले, हे आधी पाहावे. २००३मध्ये ‘मपेट्स’ बाहुल्यांचे अमेरिकी जनक जिम हेन्सन यांच्या मुलांनी जर्मनीच्या ईएम.टीव्ही या माध्यम कंपनीकडून वडिलांची कंपनी परत घेतली, तेव्हा ‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या टीव्ही मालिकेची पात्रे त्यात नव्हतीच, ती आधीच वेगळी विकली गेली होती. पुढल्याच वर्षी कर्मिट हा हेन्सन यांचा प्रसिद्ध बाहुला-बेडूकही डिस्नेकडे गेला. शिवाय मालकी मिळाली, तरी बाहुलीतला जुना फोम ठिसूळ होऊन त्याचा भुगा होतो, त्यामुळे बाहुली नव्याने बनवावीच लागते. खरी मेख बाहुली चालवणाऱ्याच्या हातात आहे. तोंड उघडताना अंगठा खाली न्यायचा; वरची बोटे उचलली, तर डोके मागे पडते आणि कर्मिट आपल्याशी बोलता बोलता छताकडे बघत बसतो!

– बाहुलीनाट्यप्रेमी वाचक, पुणे