इंग्रजी-रशियन वाक्प्रचार ॲपमधील सदोष भाषांतरे आणि शुल्क परतावा यांबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: इंग्रजी वाक्प्रचार व फ्रेझल व्हर्ब (क्रियापदाला छोटा शब्द जोडून वेगळा अर्थ देणारे ‘गिव्ह अप’सारखे शब्दप्रयोग) यांची रशियन भाषांतरे देणाऱ्या आपल्या ॲपच्या वार्षिक सदस्यत्वातील दोष, दिशाभूल करणारी जाहिरात आणि शुल्काच्या परताव्याची मागणी.

महोदय / महोदया,

मी पुण्यात रशियन भाषा शिकवते आणि औषध निर्यात करणाऱ्या व्यावसायिकांचा पत्रव्यवहार इंग्रजीतून रशियनमध्ये आणण्याचे काम करते. आपल्या ॲपच्या जाहिरातीत ‘प्रत्येक नोंद रशियन मातृभाषा असलेल्या तज्ज्ञांनी तपासलेली आहे’ असे ठळकपणे लिहिलेले असल्याने मी वार्षिक सदस्यत्वाचे पूर्ण शुल्क भरले आणि माझ्या काही विद्यार्थ्यांनाही ते घेण्यास सुचवले. प्रत्यक्ष वापरानंतर, यांतील बऱ्याच नोंदी रशियन जाणणाऱ्या कोणाच्याही नजरेखालून गेलेल्या नाहीत असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ग्राहक सेवा विभागाला मी यापूर्वी लिहिले असता ‘भाषेबाबत मतभेद असू शकतात’ असे एका ओळीचे उत्तर आले. पुढे दिलेली उदाहरणे मतभेदाची आहेत की चुकीची, याचा निर्णय आपण एखाद्या रशियन भाषकाकडून करून घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

सर्वांत गंभीर बाब आधी मांडते. माझ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला जाणार आहेत. तेथील अनेक विद्यापीठांत व्याख्याने इंग्रजीतून होत असली, तरी रुग्णालयातील प्रशिक्षण सुरू झाले की रुग्णांशी रशियनमध्येच बोलावे लागते. आपल्या ‘आरोग्य’ या विभागात ‘थ्रो अप’ या फ्रेझल व्हर्बसाठी ‘पोद्ब्रोसित्’ हे क्रियापद दिले आहे, ज्याचा अर्थ एखादी वस्तू वर फेकणे असा होतो. रुग्णाला उलटी झाली हे रशियनमध्ये ‘येवो विर्वला’ असे सांगतात. या रचनेत कर्ता नसतो, क्रियापद नपुंसकलिंगी असते आणि ज्याला त्रास झाला ती व्यक्ती द्वितीया विभक्तीत येते. मराठी विद्यार्थ्याला हे समजायला अजिबात अवघड नाही, कारण आपणही ‘त्याला उलटी झाली’ असेच म्हणतो, ‘त्याने उलटी वर फेकली’ असे म्हणत नाही. त्याच विभागात ‘पास आउट’ (शुद्ध हरपणे) आणि ‘पास अवे’ (निधन पावणे) या दोन्हींसमोर ‘स्कंचात्स्या’ हे एकच उत्तर आहे. ‘स्कंचात्स्या’ म्हणजे निधन पावणे. शुद्ध हरपण्याला रशियनमध्ये ‘पतेर्यात् सझ्नानिये’ म्हणतात. बेशुद्ध झालेल्या रुग्णाविषयी, आपल्या ॲपवर विसंबून, तो वारला असे एखादा विद्यार्थी त्याच्या नातेवाइकांना सांगेल, तेव्हा त्याला मतभेद म्हणता येणार नाही.

आपल्या नोंदी कशा तयार झाल्या असाव्यात हे ‘रन आउट ऑफ’ या नोंदीवरून दिसते. साखर संपली या अर्थाच्या इंग्रजी वाक्यासाठी तेथे ‘मी विबेझली इझ साखरा’ असे रशियन वाक्य छापले आहे. त्याचा अर्थ ‘आम्ही साखरेतून धावत बाहेर पडलो’ असा होतो. रशियन माणूस ‘ऊ नास कोंचिल्स्या साखर’ म्हणतो, म्हणजे ‘आमच्याकडची साखर संपली’. येथे साखर हाच कर्ता आहे आणि माणसे ‘आमच्याकडे’ एवढ्यापुरतीच वाक्यात आहेत. येथेही मराठी आणि रशियन यांची घडण एकसारखी आहे, इतकेच नव्हे तर साखरेला दोन्ही भाषांत जवळजवळ एकच शब्द आहे. आपली जाहिरात मराठीतून भारतीय ग्राहकांना उद्देशून केलेली असताना या साम्याचा उपयोग कोठेही होऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटते. व्यावसायिक पत्रात हाच प्रकार अधिक महागात पडतो. माल संपला आहे हे कळवताना ‘आम्ही मालातून पळून आलो’ असे लिहिलेले पत्र ज्या खरेदीदाराच्या हाती पडेल, तो पाठवणाऱ्याच्या इतर कागदपत्रांवरही विश्वास ठेवणार नाही.

फ्रेझल व्हर्बमध्ये मूळ क्रियापदाला जोडलेला छोटा शब्द जे काम करतो, ते रशियनमध्ये बहुतेक वेळा क्रियापदाच्या आरंभी लागणारा उपसर्ग करतो, ही या विषयातली पहिली पायरी आहे. ‘पिसात्’ म्हणजे लिहिणे. ‘झापिसात्’ म्हणजे टिपून घेणे, ‘पोद्पिसात्’ म्हणजे सही करणे, ‘पेरेपिसात्’ म्हणजे पुन्हा लिहिणे, ‘दोपिसात्’ म्हणजे लिहून पुरे करणे, आणि ‘स्पिसात्’ म्हणजे नक्कल करणे किंवा हिशेबातून वजा करणे. एक अक्षर चुकले तरी अर्थ कसा उलटतो, याचे जगाला माहीत असलेले उदाहरण ६ मार्च २००९ रोजी जिनिव्हात घडले. अमेरिकेच्या तत्कालीन परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव यांना संबंधांच्या नव्या सुरुवातीचे प्रतीक म्हणून एक बटण भेट दिले. त्यावर ‘रिसेट’ या इंग्रजी शब्दासोबत ‘पेरेग्रुझ्का’ असे लिहिले होते. हवा होता ‘पेरेझाग्रुझ्का’. मधला ‘झा’ हा उपसर्ग गळल्याने नव्या सुरुवातीऐवजी ‘अतिभार’ असा अर्थ झाला आणि लावरोव यांनी तो जागच्या जागी दाखवून दिला. असे असताना आपल्या ॲपमध्ये उपसर्गांवर एकही पाठ असू नये, ही त्रुटी मला क्षम्य वाटत नाही.

यापुढचा दोष क्रियापदाच्या रूपांचा आहे. रशियनमध्ये पूर्ण झालेल्या क्रियेसाठी एक क्रियापद आणि चालू असलेल्या किंवा पुनःपुन्हा होणाऱ्या क्रियेसाठी दुसरे, अशा जोड्या असतात. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे. बैठक एकदाच पुढे ढकलली असेल तर ‘अतलझीत्’ हे क्रियापद येते, आणि कोणी दररोज काम पुढे ढकलत राहात असेल तर ‘अत्क्लादिवत्’. आपण केवळ पहिले दिले आहे आणि दुसऱ्याचा उल्लेखही केलेला नाही, त्यामुळे शिकणारा दोन्ही ठिकाणी पहिलेच वापरतो आणि त्याचे निम्मे लेखन चुकते. विभक्तीबाबतही हेच झाले आहे. ‘पुट अप विथ’ (सहन करणे, जुळवून घेणे) साठी ‘तेर्पेत्’ आणि ‘मिरित्स्या’ हे दोन्ही पर्याय आपण दिले आहेत आणि ते बरोबर आहेत, परंतु पहिल्याला द्वितीया लागते आणि दुसऱ्याला ‘स’ या शब्दासह तृतीया लागते, हे न सांगितल्याने त्या बरोबर उत्तराचाही उपयोग होत नाही. ‘गिव्ह अप’ साठी आपण ‘स्दात्स्या’ दिले आहे, ज्याचा अर्थ शरण जाणे किंवा हार मानणे. धूम्रपान सोडण्याच्या वाक्यातही तेच क्रियापद वापरलेले आहे. तेथे ‘ब्रोसित् कुरीत्’ असे हवे होते. ‘टेक ऑफ’ ची नोंद मी केवळ नमुन्यादाखल सांगते: विमानाने उड्डाण केले याऐवजी, कपडे काढावेत त्या अर्थाने, विमानाने ‘काढले’ असे वाक्य तेथे आहे.

वाक्प्रचारांकडे वळते. येथे माझी तक्रार शब्दशः भाषांतराविषयी सरसकट नाही. ‘कपाटातला सांगाडा’ (दडवून ठेवलेले गुपित) हा इंग्रजी वाक्प्रचार शब्दशः रशियनमध्ये जाऊन रुळला आहे आणि आज रशियन वाचकाला तो खटकत नाही. म्हणून कोणता शब्दशः पर्याय रुळलेला आहे आणि कोणता नाही, हे सांगणे हेच कोशाचे काम आहे. ‘ब्रेक अ लेग’ ही इंग्रजीतली शुभेच्छा आहे, पण आपण परीक्षेला किंवा रंगमंचावर निघालेल्या माणसाला ‘पाय मोड’ असे शब्दशः रशियनमध्ये सांगायला शिकवता. रशियन लोक अशा वेळी ‘नि पूखा नि पेरा’ म्हणतात. शिकाऱ्यांच्या बोलीतून आलेल्या या शब्दांचा अर्थ ‘ना लव मिळो, ना पीस’ असा आहे, आणि वाईट चिंतून दैवाची नजर चुकवण्याची कल्पना तीच आहे. त्यावर ‘क चोर्तु’, म्हणजे ‘सैतानाकडे जा’, असे उत्तर देण्याची रीत आहे आणि आभार मानणे रीतीला सोडून समजले जाते. ही उत्तराची बाजू शिकवली नाही, तर विद्यार्थी अर्धाच संवाद शिकतो.

शैलीची खूण हा मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटणारा मुद्दा आहे. ‘किक द बकेट’ (मरणे) साठी आपण ‘सिग्रात् व याश्चिक’ दिले आहे. अर्थ जुळतो. परंतु हा शब्दप्रयोग थट्टेतला, काहीसा उर्मट आहे, आणि त्यासमोर तशी कोणतीही खूण नाही. उलट तो ‘शोकसंदेश’ या शीर्षकाखालील शब्दसंग्रहात ठेवलेला आहे. एखाद्या खरेदीदाराच्या घरी मृत्यू झाल्यावर हा शब्दप्रयोग असलेले पत्र गेले, तर ते नाते पुन्हा जोडता येणार नाही. अलेक्सांद्र कूनिन यांचा इंग्रजी-रशियन वाक्प्रचार कोश १९५५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. त्या छापील कोशात बोलीतले, ग्राम्य, जुने झालेले अशा खुणा होत्या, एका वाक्प्रचाराला अनेक पर्याय होते आणि लेखकांच्या लिखाणातली उदाहरणे होती. जे काम इतक्या वर्षांपूर्वी कागदावर झाले, ते आज सशुल्क ॲपकडून अपेक्षिणे अवाजवी नाही.

स्थानिक रंगाविषयीही एक शब्द लिहिणे आवश्यक आहे. न्यूकॅसलला कोळसा नेणे, म्हणजे जेथे वस्तू मुबलक आहे तेथेच ती नेणे, या इंग्रजी वाक्प्रचारासाठी रशियनमध्ये ‘स्वतःचा समोवार (चहासाठी पाणी तापवण्याचे भांडे) घेऊन तूलाला जाणे’ असे म्हणतात, कारण मॉस्कोच्या दक्षिणेचे तूला हे शहर समोवारांसाठी प्रसिद्ध आहे. आपण तो पर्याय दिला आहे आणि त्याबद्दल मी आपले आभार मानते. मात्र तो कोणत्याही मजकुरात बिनदिक्कत वापरावा असे आपण सुचवले आहे. लंडनमधल्या एखाद्या पात्राच्या तोंडी तूलाचा समोवार आला की कथेतले लंडन नाहीसे होते, त्यामुळे तेथे ‘अनावश्यक श्रम’ असा साधा अर्थ देणेच श्रेयस्कर ठरते. पत्राच्या शेवटी लिहिल्या जाणाऱ्या ‘लुक फॉरवर्ड टू’ साठीही हीच काळजी हवी. ‘मी पुढे पाहतो’ या अर्थाचे आपले वाक्य काढून तेथे ‘स नेतेर्पेनियेम झ्दू वाशेवो अत्व्येता’, म्हणजे ‘आपल्या उत्तराची आतुरतेने वाट पाहते’, हे रशियन पत्रव्यवहारातले रूढ वाक्य घालावे.

आपल्या प्रतिनिधीने दूरध्वनीवर असेही सांगितले की शब्दशः भाषांतर स्मरणासाठी उपयोगी पडते. तसे असल्यास ते स्वतंत्र रकान्यात, ‘शब्दशः अर्थ, वापरू नये’ अशा स्पष्ट सूचनेसह द्यावे. ‘भाषांतर’ या रकान्यात ते ठेवणे हा ग्राहकाचा विश्वासघात आहे.

यास्तव माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. माझ्या वार्षिक सदस्यत्वाचे पूर्ण शुल्क परत करावे. नोंदी खरोखर तपासून होईपर्यंत तज्ज्ञांनी तपासल्याचा दावा जाहिरातीतून काढून टाकावा. ‘आरोग्य’ आणि ‘शोकसंदेश’ हे दोन विभाग दुरुस्ती होईपर्यंत तात्काळ बंद ठेवावेत आणि ते वापरलेल्या सर्व सदस्यांना चुकांची यादी कळवावी. ही शेवटची मागणी मला परताव्याहून अधिक निकडीची वाटते, कारण चुकीचे शब्द त्यांच्या तोंडी बसलेले असतील आणि ते चुकीचे आहेत हे त्यांना आपल्याखेरीज कोणीही सांगणार नाही.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि तिचे निवारण एका महिन्याच्या आत करणे आपणावर बंधनकारक आहे. त्या मुदतीत समाधानकारक कार्यवाही न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये, दिशाभूल करणारी जाहिरात व सेवेतील त्रुटी या कारणांवर, पुणे येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. तक्रारदार जेथे राहतो तेथे तक्रार दाखल करण्याची मुभा या कायद्याने दिलेली आहे. दुरुस्तीच्या कामात सद्भावाने सहकार्य हवे असल्यास मी तपासलेल्या नोंदींची माझी टिपणे देण्यास तयार आहे.

आपली,
एक सदस्य ग्राहक, पुणे

सोबत: शुल्क भरल्याची पावती, जाहिरातीचे छायाचित्र, उल्लेख केलेल्या सर्व नोंदींची पडद्यावरील छायाचित्रे आणि ग्राहक सेवा विभागाच्या उत्तराची प्रत.