करार लोकांसमोर ठेवा

संपादक महोदय,

विद्यापीठांनी औषध कंपन्यांपासून दूर राहावे, असे म्हणणाऱ्यांतली मी नाही. माझी सारी नोकरी कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, औषधातले घटक मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रासमोर झाली. 'नेक्सकार-१९' या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, त्यांत बदल करून त्यालाच परत द्यायच्या. रक्ताच्या कर्करोगावरचा हा उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी घडवला आणि आयआयटीतूनच उभ्या राहिलेल्या इम्युनोॲक्टने रुग्णांपर्यंत नेला. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे सुमारे दहाव्या हिश्शात होतो. तरी तीसेक लाख! टाटाबाहेरच्या फुटपाथवर मुक्काम टाकणाऱ्यांनी ते आणायचे कुठून?

किंमत ठरते ती संस्था आणि कंपनी यांच्यातल्या करारात, आणि तो करार आपल्याला दिसत नाही. कोव्हॅक्सिन लशीच्या विक्रीतून आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेला ५ टक्के रॉयल्टी ठरली होती, हे विचारल्यावर कळले. का विचारावे लागावे? पैसा तर आपलाच होता.

येल विद्यापीठाचे उदाहरण घ्या. स्टॅव्हुडिन हे औषध एचआयव्हीवर चालते, हे तिथल्या संशोधकांनी दाखवले आणि विद्यापीठाने त्याचा परवाना ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या औषध कंपनीला दिला. २००१ च्या फेब्रुवारीत आपल्या मुंबईच्या सिप्लाने स्टॅव्हुडिनसह तीन औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा डोस ३५० डॉलरला देऊ केला. पण दक्षिण आफ्रिकेत पेटंट आडवे होते. येलचे विद्यार्थी आणि संशोधक बोलू लागले, तेव्हा मार्चमध्ये ब्रिस्टल-मायर्सने तिथे पेटंटचा आग्रह सोडला. गरीब देशांसाठीची अट परवाना देतानाच घातली असती, तर ही वेळ आली नसती.

माझी भाची पीएचडी करते. तिचे निष्कर्ष तयार आहेत, पण सहयोगी कंपनीची परवानगी येईपर्यंत पेपर पाठवता येत नाही. किती थांबायचे, याची मुदत करारात नाही.

म्हणून विनंती आहे: सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेने अशा कराराचा गोषवारा सही झाल्यावर महिन्याभरात संकेतस्थळावर टाकावा. रॉयल्टी किती, किमतीवर बंधन काय, पेपर किती काळ अडवता येईल, हे त्यात असावे. आणि फायदा दिसेना म्हणून कंपनीने औषध बासनात गुंडाळले, तर त्याचे हक्क किती वर्षांत संस्थेकडे परत येतील, तेही.

– एक निवृत्त औषध-विश्लेषक, मुलुंड (पूर्व)