राइक्सम्यूझियममधल्या अनोळखी मदतनीसांचे मनापासून आभार

आम्सटरडॅमच्या राइक्सम्यूझियममधली इंग्रजी सफर मराठी पाहुण्यांच्या पदरात पडते, ती ज्यांची नावे कुठेच लागत नाहीत अशा माणसांमुळे. त्यांचे हे आभार.

पहिले आभार दारावरच्यांचे. प्रवेशाची वेळ आधी ऑनलाइन ठरवावी लागते आणि गाइडचे तिकीट वेगळे असते. गोंधळ होतो तो इथेच, आणि तो ही मंडळी दररोज न वैतागता निस्तरतात. मोठी बॅग सामानकक्षात ठेवायची असते, म्हणून वीसेक मिनिटे आधीच पोहोचावे.

गाइडचे ऋण सर्वांत मोठे. त्यांचीही मातृभाषा इंग्रजी नाही, म्हणून वाक्ये छोटी, सन सावकाश, आणि चित्राकडे बोट दाखवून मगच शब्द. डच चित्रकार रेम्ब्राँच्या १६४२च्या ‘नाइट वॉच’ (रात्रीचा पहारा) या चित्रासमोर कप्तानाच्या हाताची सावली लेफ्टनंटच्या पिवळ्या कोटावर पडलेली दाखवली, की प्रसंग दिवसाचा आहे हे भाषांतराशिवाय कळते. रात्र भासते ती काळवंडलेल्या वार्निशमुळे. १७१५मध्ये जागेत बसवण्यासाठी चित्र चारही बाजूंनी कापले, डावीकडे सर्वाधिक. म्हणूनच ही जोडी आज मधोमध दिसते.

डच चित्रकार फर्मेरचे दूध ओतणाऱ्या बाईचे चित्र जेमतेम ४५ सेंटिमीटर उंच. गर्दीत समोर उभे राहू नका, कडेने पुढे सरका. भिंतीतला खिळा आणि त्याची इवलीशी सावली शोधायला लावणाऱ्या त्या गाइडना पुन्हा एकदा, खरोखर, धन्यवाद.

आणि प्रत्येक दालनात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या रक्षकांनाही.