कोब्यावर कोबा, त्यावर बाग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना उजाडला की कार्यालये, मॉल आणि रुग्णालयांच्या गच्च्यांवर दोन प्रकारचे ठेकेदार चढू लागतात: एक गळती थांबवणारा, दुसरा बाग करून देणारा. दोघांची कोटेशने वेगवेगळ्या टेबलांवर जातात आणि घोळ तिथेच सुरू होतो. हिरव्या छताच्या हौसेला आमचा विरोध नाही. पण स्लॅबवर आज किती ओझे आहे, हे बाग करणाऱ्याला कुणी विचारत नाही आणि तोही विचारत नाही.

मुंबई-पुण्याकडच्या सपाट गच्चीवर बहुधा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी वाहून जावे म्हणून विटांचे तुकडे सिमेंटात बसवून केलेला उतरता थर, असतो. शंभराला एक उतार धरला तर १० मीटरच्या धावेत त्याची जाडी १०० मिलिमीटरने वाढते. पावसाचे पाणी उतरवणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी ७५, तर माथ्याशी १७५. सरासरी १२५ मिलिमीटर कोबा म्हणजे चौरस मीटरला जवळपास २५० किलो. काही वर्षांनी गळू लागला की जुना फोडायचा नाही, त्यावरच दुसरा चढवायचा, ही आपल्याकडची रीत. फोडायला खर्च, मलबा उतरवायची पंचाईत आणि खालच्या कार्यालयाची आवाजाबद्दल तक्रार. दुसऱ्या थराचे आणखी २०० किलो धरा. त्यावर १५० मिलिमीटर साधी लाल माती टाकली की भिजल्यावर तिचे सुमारे २७० किलो. बेरीज ७२० किलो. १५० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचे स्वतःचे वजन ३७५ किलो असते. म्हणजे त्याच्या डोक्यावर त्याच्या जवळजवळ दुप्पट ओझे.

इथे हमखास एक पळवाट निघते. इमारतींवरच्या भारांचे भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या दुसऱ्या भागात ये-जा असलेल्या सपाट छतासाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो चल भार (माणसांचा, हलत्या सामानाचा) धरलेला असतो. ‘तो बागेला वापरू’, असे सांगितले जाते. हे चूक आहे. माती कायमची बसते, तो अचल भार. बाग झाल्यावर माणसे वर येणारच, किंबहुना जास्त येणार. त्यामुळे मूळ आरसीसी नकाशे आणि कोब्याला दोन-तीन ठिकाणी भोक पाडून मोजलेली खरी जाडी हातात आल्याशिवाय बागेचा विषय काढू नये. दोन थर निघाले तर दोन्ही फोडून उतार हलक्या स्क्रीडने (उताराच्या मसाल्याने) नव्याने द्यावा. (फोडलेल्या कोब्याचा चुरा ‘फुकटचे माध्यम’, म्हणजे मातीऐवजीचे भरण, म्हणून कुंड्यांत भरण्याचा मोह आवरा. त्यातल्या सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते.)

आता पाणी. छताच्या मध्यभागी फारसे काही बिघडत नाही; बिघडते ते कडेला आणि पाइपाच्या तोंडाशी. पीव्हीसी पाइप आणि सिमेंटचा मसाला एकमेकांना धरत नाहीत. उन्हाने पाइप हलतो, भोवती केसाएवढी फट पडते आणि पाणी कोब्याच्या पोटात शिरते. तिथून ते आडवे सरकत पंख्याच्या हुकातून किंवा वायरिंगच्या पाइपातून दहा-पंधरा फूट लांब ठिबकते. मग लोक हुकाच्या बरोब्बर वरची फरशी उखडत बसतात. उपाय तोंडाशीच आहे. पाइपाभोवती ४५० बाय ४५० मिलिमीटरचा भाग आजूबाजूपेक्षा ३० ते ५० मिलिमीटर खोल घ्यावा. वॉटरप्रूफिंगचा थर फायबरच्या जाळीसकट पाइपाच्या आत निदान १०० मिलिमीटर उतरवावा. पाइपाच्या तोंडावरची जाळी घुमटाकार बसवावी, कारण सपाट जाळी एका प्लास्टिकच्या पिशवीने बंद होते. १०० मिलिमीटर पाणी साचले तर चौरस मीटरला आणखी १०० किलो आले, हेही लक्षात असू द्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. धरणाला सांडवा असतो तसा गच्चीलाही हवा: पॅरापेटमधून (गच्चीच्या कठड्यातून) बाहेर काढलेला ओव्हरफ्लो, पाणी तुंबले की रस्त्यावरून दिसेल असा.

भिंतीच्या पायाशी ७५ मिलिमीटरचा वाटा (कोपऱ्यातला गोलसर मसाला) मारून थर वर चढवायचा तो मातीच्या पृष्ठभागापासून १५० मिलिमीटर. फरशीपासून मोजला तर तो थेट मातीत गाडला जातो, आणि ही चूक फार होते. वरचा काठ भिंतीत खाच पाडून आत दाबावा आणि सीलंटने बुजवावा. थर कोणता, हेही महत्त्वाचे. उघड्या गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा ॲक्रिलिक रंग ठीक. सतत ओल्या मातीखाली तो मऊ पडून सुटतो. तिथे पॉलियुरेथेन किंवा मेंब्रेन (चादरीसारखा जलरोधक थर) हवे. डांबरी मेंब्रेनमध्ये मुळे घुसतात, म्हणून त्यावर एचडीपीई प्लास्टिकचा मूळरोधक थर लागतोच. ओल्या कोब्यावर कोटिंग केले की फोड येतात. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली दव दिसले तर थांबा. कोटिंग झाल्यावर गळती तपासायला ५० मिलिमीटर पाणी ४८ तास भरून ठेवायचे, तेही माती येण्यापूर्वी. नंतर गळती निघाली तर सगळी बाग उचलावी लागते.

मूळरोधकावर निचऱ्याचा डिंपल बोर्ड (खळग्यांचा प्लास्टिक पत्रा), त्यावर जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारे कापड), मग माध्यम. १०० मिलिमीटरचे हलके माध्यम भिजल्यावर १०० ते १३० किलोत बसते. नुसत्या कोकोपीटने भरले तर ते कुजून बसत जाते. सेंद्रिय भाग पाचव्या हिश्शाच्या आत ठेवावा, बाकी प्युमिस, परलाइट किंवा भट्टीतल्या कोऱ्या विटांचा चुरा. पॅरापेटलगत आणि पाइपाभोवती ३०० मिलिमीटरचा खडीचा पट्टा मातीविना सोडावा. युरोपीय कॅटलॉगमधला सीडम (जाड पानांची बुटकी वनस्पती) आपल्या चार महिन्यांच्या चिखलात सडतो. ऑफिस टाइम, रोइओ, गवती चहा टिकतात. ठिबक मात्र हवेच. औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडवर बागेचा नादच नको. तिथे स्क्रूंचे रबरी वॉशर बदला आणि पांढरा रंग द्या.

देखभालीला वर्षातून चार फेऱ्या पुरतात: मेअखेर, पहिल्या मोठ्या सरीनंतर, ऑगस्टमध्ये आणि पाऊस सरल्यावर. पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजलेला पिंपळ दोन पानांचा असतानाच उपटावा. बोटाएवढा झाला की त्याच्यासोबत पॅरापेटचा तुकडा येतो. आणि गच्चीची किल्ली एकाकडेच असावी, सोबत एक वही. सौर पॅनेलवाला, एसीवाला, मोबाइल टॉवरवाला, जो कुणी ड्रिल घेऊन वर जाईल त्याची तारीख आणि जागा तिथे लिहिली जावी. दहा वर्षांची वॉटरप्रूफिंग गॅरंटी त्या एका बोल्टने रद्द होते, आणि तो कुणी मारला हे जुलैमध्ये कुणालाच आठवत नसते.

आपले,
इमारत देखभालीत काम करणारे काही स्थापत्य अभियंते, ठाणे